तीन ठिकाणी वाकवलेला दांडा

कारखान्यात काकांना सगळे अर्धासूत म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते हजेरी घेणाऱ्यालाच काय ते ठाऊक. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. काकांचा जीव त्याच्याही निम्म्यावर अडकायचा. दुसऱ्या कुणी लेथवर कापलेला तुकडा त्यांनी हातात घेऊन एक डोळा बारीक केला, की समोरचा मनातल्या मनात हात जोडायचा. "अर्धं सूत जास्त आहे," असं म्हणून काका तुकडा परत ठेवत. तुकडा मोजून बघावा, तर खरंच जास्त निघायचा. फोरमनच्या निरोपाच्या दिवशी भाषणं रंगात आलेली असताना हे मधेच उठले, पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या एका पायाखाली सारली आणि परत जागेवर येऊन बसले. टेबल डुगडुगत होतं, त्यामुळे भाषणातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

काकू म्हणायच्या, "लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात यांनी मला काय दिलं, विचारा. कपाटाचं दार करकरायचं, ते काढून बिजागऱ्या घासून दिल्या. मी म्हटलं, चला, माणूस निदान बिनआवाजाचा आहे."

निवृत्त झाल्यावर काकांनी घराच्या मागच्या खोलीत एक छोटा लेथ आणून ठेवला. लोखंड आवळून धरायचा शेगडा, ऐरण, कानशींची रांग आणि खिडकीत एक रेडिओ, एवढाच पसारा. शेजारपाजारच्या शिलाई मशीन, पंप, सायकली तिथे यायच्या आणि गुणी होऊन परत जायच्या.

एका मंगळवारी सकाळी त्या खोलीसमोर रुग्णालयाची मालवाहू गाडी उभी राहिली. मागच्या फळीवर गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर दोरीने बांधलेला होता. हिरवा रंग बराचसा उडालेला, बसायच्या गादीवर चिकटपट्टीची ठिगळं. चालकाच्या शेजारून काकांची पुतणी उतरली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं, ते अठ्ठाविसाव्या वर्षीही चिकटून होतं.

"काका, हा थांबत नाही."

"कोण?"

"बाबांचा ट्रॅक्टर. पॅडलवरून पाय काढला तरी पुढे सरकत राहतो. मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या बाकाला जाऊन टेकला."

"लागलं का कुणाला?"

"नाही. त्यांचा एक पाय आधीच प्लास्टरमध्ये होता. म्हणाले, बाई, एक मोडून आलोय, दुसरा घरी न्यायचा विचार आहे."

काका हसले, पण भिंगरी हसली नाही. अधीक्षकांनी तिला शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली होती. दर्शनी दारासमोरच्या सपाट फरशीवर खडूची रेघ मारायची, ट्रॅक्टर रेघेवर उभा करायचा आणि इंजिन चालू ठेवून पाय उचलायचे. पाच मिनिटांत बोटभर जरी हलला, तरी ट्रॅक्टर भंगारात जाणार, गवताचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला मिळणार आणि भिंगरीची रवानगी धुलाईच्या खोलीत होणार.

"तिथे खिडकीसुद्धा नाही, काका," ती म्हणाली, आणि दोरी सोडायला वळली.

भिंगरीचे बाबा म्हणजे काकांचे दादा. त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर हाच ट्रॅक्टर तीस वर्षं चालवला. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्याच गादीवर भिंगरी बसली.

दोघं भाऊ एकाच सायकल दुकानात वाढले. दुकान त्यांच्या वडिलांचं, रस्त्याकडेला, एका वेळी तीन सायकली मावतील एवढं. वडील एक सायकल दोघांत मिळून द्यायचे. दादा चाक बसवायचा, गरकन फिरवायचा आणि म्हणायचा, "चालतंय ना? मग झालं." धाकटा ते चाक पुन्हा काढायचा, कारण ते जरासं डावीकडे झुकत होतं. गिऱ्हाईक दारात ताटकळायचं. वडील डोक्याला हात लावून म्हणायचे, "एकाला घाई आणि दुसऱ्याला घाईच नाही. तुम्हा दोघांचा मिळून एक मुलगा झाला असता तर माझं दुकान चाललं असतं."

दोघं एकाच खाटेवर झोपायचे. दादा मधे आडवा पसरायचा, म्हणून धाकट्याने एकदा गादी टेपने मोजून मधोमध शाईची रेघ मारली. आईने धाकट्याला बदडलं. दादा मात्र पुढची कित्येक वर्षं रेघेच्या पलीकडे गेला नाही. रेघ धुऊन धुऊन पुसट झाली तरी गेला नाही.

रुग्णालयात हा ट्रॅक्टर नवा आला तो दिवसही काकांना आठवत होता. दादाने कारखान्याच्या फाटकावर निरोप धाडला होता: सुट्टी झाली की सरळ इकडे ये. काका गेले, तर दादा ट्रॅक्टरभोवती फिरत होता, हात पुसत होता आणि पुन्हा हात लावत होता. "याला गिअरच नाहीत रे! सगळं तेलाच्या दाबावर. पायाची बोटं दाबली की पुढे, टाच दाबली की मागे, पाय काढला की जागच्या जागी उभा. बघ, बघ." आणि त्याने नवी कोरी गाडी पाच वेळा पुढे-मागे करून दाखवली. काकांनी खाली वाकून पॅडलपासून पंपापर्यंतची जोडणी निरखली आणि म्हणाले, "ही पिन ग्रीस मागणार. दर महिन्याला." दादा म्हणाला, "तू आधी अभिनंदन कर."

त्या जोडणीवरच आता घोडं अडलं होतं.

भिंगरीने चार दिवसांची रजा टाकली होती. दोघांनी ट्रॅक्टर खोलीसमोरच्या ओट्याशी घेतला. गादी काढली, खालचा पत्रा काढला, रॉकेलने वर्षानुवर्षांचं मळकट ग्रीस धुतलं. काका आडवे होऊन आत शिरले आणि थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, अगदी तृप्त.

"अरे वा! काहीच शिल्लक नाही."

त्यांनी एकेक भाग बाहेर सरकवला. पॅडलच्या पिनेला मधोमध कंबर पडली होती. पिनेचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. भोकात बसवलेली धातूची नळी, म्हणजे बुश, कागदासारखी पातळ झाली होती. पंपाच्या बाजूचा सांधा हातात धरून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला.

"आता ऐक," काका पालथ्या डब्यावर बसत म्हणाले. "पाय काढला की स्प्रिंग पॅडलला मधे आणते. पॅडल या दांड्याला ओढतं, दांडा पंपाच्या हाताला ओढतो. पंपाचा हात बरोबर मध्यावर आला की गाडी उभी. आता इथे थोडी ढील, तिथे थोडी ढील. पॅडल मध्यावर येतं, पण पंपाचा हात पोहोचतच नाही. त्याला वाटतं, अजून पुढे जायचंय. बिचारा सांगितलेलं काम करतोय."

"म्हणजे दुरुस्त होईल?"

"भोकं मोठी करून गनमेटलचे बुश ठोकतो, पिना नव्या कापतो. हा दांडा मात्र कचऱ्यात." त्यांनी बोटाएवढा जाड, हातभर लांब लोखंडी दांडा उचलला. तो तीन ठिकाणी वाकलेला होता. "तासाभरात नवीन करून देतो."

भिंगरीने तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला. "नको, काका. हा बाबांनी वाकवलाय."

"कशाला?"

"ते नाही माहीत. शेडच्या लोखंडी फाटकात अडकवून वाकवायचे. बाकी सगळं नवीन करा, पण एवढा एक ठेवा ना."

काकांनी दांड्याकडे पाहिलं. काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी काकांकडे पाहिलं. एरवी काकांनी वाकडा खिळासुद्धा घरात ठेवला नसता. पण पोरीचे डोळे भरून आले होते, आणि दादाच्या हातचं दुसरं काही त्या यंत्रात राहणार नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी दांडा पुसला, तेलाचा हात फिरवला आणि बाजूला ठेवला. मोजला मात्र नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या आठ वर्षांत अर्धासूताने न मोजता बसवलेली ती पहिली वस्तू.

बुधवार आणि गुरुवारची सकाळ लेथवर गेली. भिंगरी हाताखाली होती आणि भोक नेमक्या मापाचं करायचा रीमर फिरवायला लवकर शिकली. काकांच्या तोंडून एकदाही "जास्त आहे" ऐकू आलं नाही, म्हणून काकूंनी दोनदा येऊन विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" पिना बुशात अशा बसल्या की अंगठ्याने दाबल्या तर जातील आणि सोडल्या तर पडणार नाहीत. काकांनी सांधा कानाशी धरून हलवला. आवाज नाही.

गुरुवारी दुपारी जोडणी पूर्ण झाली. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची चाकं जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर घेतली. भिंगरी गादीवर बसली, इंजिन चालू केलं, पॅडल दाबलं. चाकं झोकात पुढे फिरली.

"सोड," काका म्हणाले.

तिने पाय उचलला. चाकं मंदावली, थांबली आणि मग सावकाश उलटी फिरू लागली.

दोघंही बघत राहिली. पुढे सरकणारा ट्रॅक्टर आता मागे सरकत होता, तेही आधीपेक्षा जोरात.

"काका, हा तर रुसल्यासारखा करतोय."

"बंद कर. दांड्याच्या टोकाला आटे आहेत, तिथून लांबी वाढवू."

एक फेरा, दोन फेरे, पाच फेरे. चाकं जरा मंदावली, पण उलटी ती उलटीच. सहाव्या फेऱ्याला आटे संपत आले. आणखी फिरवलं असतं तर नट अर्ध्यावर लटकला असता आणि चालत्या गाडीत दांडा निसटला असता. काकांनी पाना खाली ठेवला. भिंगरी ओट्यावर बसून हाताचं ग्रीस पुसत राहिली. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिली. शनिवारला मधे एकच दिवस होता.

शुक्रवारी सकाळी चहाच्या आधीच काकांनी दांडा काढून टेबलावर ठेवला होता. भिंगरी आली तेव्हा ते त्यावर दोरा लावत होते, वाकांच्या अंगाअंगाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांनी तोच दोरा ताणून पट्टीवर धरला, आणि मग टोकापासून टोकापर्यंतचं सरळ अंतर मोजलं.

"तीन सुतं," ते म्हणाले. "वाकवून वाकवून तीन सुतं आखूड झालाय. हे मी मंगळवारी मोजायला हवं होतं."

"पण बाबांनी आखूड कशाला केला?"

"पंपाचा हात पोहोचत नव्हता, म्हणून. भोक झिजलं, गाडी पुढे सरकायला लागली. आटे तेव्हा गंजून धरले असणार. मग दादाने दांडा वाकवला. वाकवला की आखूड होतो, पंपाच्या हाताला जास्त ओढतो, गाडी थांबली. चालतंय ना? मग झालं." काकांनी बोट दुसऱ्या वाकावर सरकवलं. "पुढे भोक आणखी झिजलं. पुन्हा वाकवला. जितकी झीज, तितका वाक. डोळ्याने केलंय सगळं, पण चुकला नाही कुठे. आता मी झीज काढून टाकली आणि वाक ठेवला. मग गाडी उलटी जाईल नाहीतर काय करेल?"

त्यांनी दांडा खिडकीच्या उजेडात धरला.

"हा बघ पहिला. एकाच झटक्यात वाकवलाय, गोल, सुरेख. तेव्हा चाळिशीत होता, अंगात ताकद होती. हा दुसरा. इथे दोन्ही बाजूंना पाइपाचा व्रण आहे. पाइप घालून जोर लावावा लागला. आणि हा तिसरा..."

तिसरा वाक एक नव्हताच. पाच-सहा छोटे छोटे वाक शेजारी शेजारी होते, कुठे कमी, कुठे जास्त.

"तिसऱ्या वेळी मी होते," भिंगरी म्हणाली. "आजारपण सुरू झालं होतं. थोडा जोर लावायचे, फाटकाला टेकून बसायचे, पुन्हा उठायचे. मी म्हटलं, मी धरते. तर म्हणाले, तू गवताकडे बघ."

काकांनी दांडा खाली ठेवला. रेडिओवर बातम्या चालू होत्या, तो त्यांनी बंद केला.

"मला म्हणाला होता तो," ते म्हणाले. "या तिसऱ्या वाकाच्या आदल्याच महिन्यात. इथे, याच खोलीत. म्हणाला, जरा बघतोस का, हल्ली सोडला तरी पुढे जातो. आणि मी लेथवरून मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, तुझा पायच आळशी आहे दादा, पुरता उचलत नाहीस. सगळे हसले. तोही हसला. पुन्हा काही बोलला नाही."

"मला माहीत आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनीच. मला चालवायला शिकवताना सांगायचे. म्हणायचे, पाय चांगला उचल हं, तुझा काका म्हणतो आपल्या घराण्याचे पाय आळशी आहेत. आणि हसायचे." ती काकांकडे न बघता म्हणाली, "रागाने नव्हते सांगत, काका. खरंच."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि पुन्हा लावला.

"बरं, आता काय करायचं ते तू सांग," ते म्हणाले. "नवीन दांडा तासाभराचं काम आहे. हा घरी ने, भिंतीवर लाव, दादाची आठवण जशीच्या तशी राहील. नाहीतर हाच तापवून सरळ करतो. लोखंड चांगलं आहे, टिकेल. पण मग वाक जातील."

भिंगरीने दांडा उचलला, तिन्ही वाकांवरून एकदा अंगठा फिरवला.

"भिंतीवर टांगून मी काय करू? बाबा भिंतीवर टांगायला वाकवत नव्हते." तिने तो शेगड्यात धरला आणि स्वतःच मूठ फिरवून घट्ट आवळला. "तापवा."

काकांनी ज्वाळेचा झोत सोडणारी बत्ती पेटवली. लोखंड आधी जांभळं, मग लाल झालं. ऐरणीवर भिंगरीने हातोडा चालवला, काकांनी चिमट्याने दांडा फिरवत ठेवला. "हळू. मारू नकोस, समजाव त्याला." पहिले दोन वाक मुकाट्याने सुटले. तिसऱ्याला वेळ लागला, कारण तिथे एकेक छोटी घडी वेगळी काढावी लागत होती. गार झाल्यावर काकांनी दांडा काचेवर ठेवून लोळवला. तो एका लयीत लोळत गेला. मग मोजला. दोनदा मोजला.

दुपारी ठोकळ्यांवर चाकं थांबली. काकांनी टायरवर खडूने खूण केली आणि पंधरा मिनिटं डब्यावर बसून त्या खुणेकडे बघत बसले. खूण हलली नाही. काकू म्हणाल्या, "मला नाही कधी इतकं निरखून बघितलं."

शनिवारी दहाला दर्शनी दारासमोर बरीच गर्दी जमली. त्यात दोन परिचारिका, स्वयंपाकघरातला माणूस आणि प्लास्टरवाले गृहस्थ. ते कुबड्या घेऊन मुद्दाम पहिल्या रांगेत, पण जरा बाजूला उभे होते. अधीक्षकांनी स्वतःच्या हाताने खडूची रेघ मारली आणि घड्याळ काढलं.

भिंगरीने ट्रॅक्टर आणला, पुढचं चाक रेघेवर आलं, आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी हातभर मागे गेला.

गर्दीतून "च्" असा आवाज आला. अधीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? आधी पुढे जात होता, आता मागे?"

क्षणभर काकांच्या डोळ्यांसमोर सगळी जोडणी सर्रकन फिरून गेली, पिना, बुश, नट, आटे. सगळं मोजलेलं होतं. मग त्यांची नजर भिंगरीच्या बुटावर गेली. तिची टाच पॅडलवर टेकलेली होती. पुढे सरकणाऱ्या गाडीला थोपवायला दादा थांबताना टाच देत असणार. तेच बघून बघून ही शिकली होती, आणि तिला आपण टाच देतो हे माहीतसुद्धा नव्हतं.

"भिंगरे, टाच!" काका ओरडले. "टाच काढ! काहीच करू नकोस!"

"मी काही करतच नाहीये!"

"दोन्ही पाय वर घे!"

तिने दोन्ही पाय उचलून समोरच्या पत्र्यावर ठेवले. ट्रॅक्टर जिथे होता तिथे उभा राहिला. इंजिन धडधडत होतं, चाकं गप्प होती.

काका अधीक्षकांकडे गेले. "चूक गाडीची नाही, साहेब. सवय आहे. एकदा पुन्हा रेघेवर आणू द्या."

अधीक्षकांनी भिंगरीकडे पाहिलं, मग काकांच्या काळ्या झालेल्या नखांकडे. "एकदा," ते म्हणाले.

भिंगरीने पुन्हा ट्रॅक्टर आणला. रेघेपाशी तिने पाय असा उचलला, जसा कुणी तापल्या फरशीवरून उचलतं. चाक रेघेवर थांबलं. एक मिनिट झालं, दोन झाली. स्वयंपाकघरातल्या माणसाला कुणीतरी हाक मारली, तो गेला नाही. तिसऱ्या मिनिटाला प्लास्टरवाल्यांनी हळूच विचारलं, "चालू आहे ना नक्की?" परिचारिकेने त्यांना गप्प केलं. चौथ्या मिनिटाला ते कुबड्या टेकत टेकत आले आणि ट्रॅक्टरच्या बरोब्बर समोर उभे राहिले.

"बाजूला व्हा!" अधीक्षक म्हणाले.

"राहू दे हो," ते म्हणाले. "आता कशाला घाबरायचं?"

पाच मिनिटं झाली. अधीक्षकांनी खाली वाकून रेघ पाहिली, घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, "मागचं गवत गुडघ्यापर्यंत आलंय. आजच कापा. सोमवारी कचेरीत या, तुम्ही याच कामावर राहाल असा कागद करून टाकू."

लोक पांगले. भिंगरी गादीवरच बसून होती. काका जवळ गेले, तेव्हा तिने इंजिनच्या आवाजात काहीतरी विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही, त्यांनी नुसतीच मान हलवली.

मागच्या हिरवळीवर काका एका बाकावर बसले. भिंगरीने पाती खाली घेतली आणि पहिला पट्टा कापायला सुरुवात केली. टोकाला पोहोचल्यावर वळायच्या आधी तिची टाच पुन्हा पडली, ट्रॅक्टर गचकन मागे आला आणि ती पुढे आदळता आदळता वाचली. तिने वळून काकांकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. तिसऱ्या टोकाला टाच पडली, पण अर्धवट. चौथ्या टोकाला ट्रॅक्टर नुसता थांबला, शांतपणे वळला आणि परत निघाला.

काकांनी मान दुसरीकडे वळवली. वर्षानुवर्षं दादा या हिरवळीवर टाच देत ज्या पायाने थांबत होता, तो भिंगरीत उरलेला पाय आत्ता तिथून गेला होता. मग ते उठले, कारण भिंगरी हात हलवून बोलावत होती. पाचवा पट्टा चौथ्याला नीट लागलाय का, ते तिला विचारायचं होतं.